मानाची तंगडी

जावयाने पानाकडे पाहिले आणि पुढे केलेला हात पुन्हा मांडीवर ठेवला. वाढायला वाकलेली सासू बाईजा वाकलेलीच राहिली. सासरा नथू जावयाच्या हाताकडे बघत राहिला. मग जावई नवशाने एका बोटाने रस्सा जरासा सारला. खाली कोंबड्याच्या दोन्ही तंगड्या शेजारी शेजारी निजल्या होत्या. त्याने पहिला घास घेतला, तेव्हा वैशाखरे गावातल्या त्या घराने सात महिने रोखून धरलेला श्वास सोडला.

पौषात म्हसा गावच्या जत्रेसाठी लेक राही आणि जावई आले होते. त्या पाहुणचारात मानाची तंगडी चुकून नथूच्या मेहुण्याच्या पानात पडली. जावई अर्ध्या जेवणावरून उठला आणि बायकोला तिथेच टाकून किन्हवलीला चालता झाला. तेव्हा साऱ्या जगात लढाई पेटलेली होती. तिचे कारण गावात कुणालाच धड सांगता येत नसे. तंगडीचे कारण मात्र पोराटोरांनाही तोंडपाठ होते. जाणत्यांनी बसून निवाडा केला, की मान कोंबड्याने गेला, तो कोंबड्यानेच भरून निघेल. नवशाचाही निरोप आला होता. दिव्यांच्या अवसेला रीतसर मान झाला तर राहीला नेईन, नाहीतर दिवाळीनंतर दुसरी करीन. उद्यापासून श्रावण. मग महिनाभर सुरीला सुट्टी. लेकीचा संसार वाचवायला नथूच्या हाती एवढी एक अवस उरली होती.

त्या पावसाळ्यात गावातल्या कोंबड्यांवर मर आली होती. नथू भर पावसात डोंगरावरच्या वाडीत चढला, तिथल्या लखमाला दोन पायली वरी दिली आणि एक कोंबडा घोंगडीखाली उराशी धरून उतरला. वाटेत स्वतः चिंब झाला, पण कोंबड्याला थेंब लागू दिला नाही. एवढ्या मायेने त्या घरात कुणी कधी कुणाला आणले नव्हते.

राहीला कुणी काही विचारले नाही. भांडण तंगडीवरून होते. त्यात तिचा संबंध काय?

जेवण उरकले. नवशाने मोहाच्या दारूचा शेवटचा घोट घेतला, समाधानाची ढेकर दिली आणि सासऱ्याला मोठ्या मनाने सांगितले, की झाले गेले विसरलो, पहाटे निघू, तिला बोचके बांधायला सांगा. नथूचे डोळे भरून आले. इतका थोर जावई मिळायला पूर्वपुण्याई लागते.

तिन्हीसांजेला बाईजाने पाटावर तांदळाच्या पिठाचे दिवे मांडले. घरातल्या प्रत्येकाने एकेक दिवा लावायचा आणि त्याच्यापुढे सांगायचे, श्रावणात आपण काय सोडणार. दिव्यापुढे बोललेला नेम बापाला मोडता येत नसे आणि नवऱ्यालाही नाही. त्या घरात बायकांना वर्षातून हा एकच प्रश्न विचारला जाई.

नवशाने मांस आणि दारू सोडली. पोट तुडुंब असले की त्याग सोपा जातो. बाईजाने वांगे सोडले. कोंबड्यातले तिच्या वाट्याला फोडणीच्या वासापलीकडे काही आलेच नव्हते.

राहीने डाव्या हाताने दिवा उचलला.

"उजव्या हातानं गो," बाईजा पुटपुटली.

राहीने उजवा हात उजेडात धरला. मनगट वाकडे बसले होते, दोन बोटे मिटत नव्हती. जत्रेला आली तेव्हा त्याच हातावर हळदीचा पट्टा होता. विहिरीवर घसरले, एवढेच ती म्हणाली होती आणि घराला ते पटले होते. पटण्यात सगळ्यांचीच सोय होती.

"हिरीवर नाय पडले मी, आये," राही म्हणाली. आवाज अगदी साधा होता. मीठ संपल्याचे सांगावे तसा. "यांनी पिरगाळला. भाकर करपली म्हनून. तंगडीचं भांडान मागून झालं."

तिने डाव्याच हाताने दिवा पाटावर ठेवला.

"मी सासरचं पानी सोडलं. श्रावणापुरतं नाय."

नवशा मोठ्याने हसला. मग हसणे आवरून सासऱ्याकडे वळला. बायकांचा असला नेम कुठे ऐकला नाही, म्हणाला. दिवा विझवा, मामा, म्हणजे नेमही गेला. नाहीतर एवढा मान केला तो फुकट.

नथू विझवायला पुढे झाला. ज्योतीपाशी वाकला. हळदीचा तो पट्टा त्याने तेव्हा पाहिला होता, अगदी स्पष्ट पाहिला होता. पण पोरीला काही विचारण्याआधी त्याची नजर पातेल्याकडे गेली होती, कुठला तुकडा कुणाच्या पानात पडतो ते बघायला.

ओसरीवर पागोळ्या गळत होत्या. घरधन्याचा दिवा शेवटचा असतो. नथूने राहीच्या दिव्यावरून आपला दिवा पेटवला आणि तिच्या दिव्याला लागून ठेवला.

"तुमी काय सोडताव?" बाईजाने रीतीप्रमाणे विचारले.

"जावय," नथू म्हणाला.