धातूला वारा

सुनेच्या कॉम्प्युटरचा पंखा नेमका आज बंद पडला. वितळलेला धातू झटकन थंड केला तर कसा गोठतो, याचं गणित ते मशीन पंधरवडाभर सोडवत होतं आणि संध्याकाळी तिला उत्तर सरांना दाखवायचं होतं. तापून बंद पडलं, की सगळं पहिल्यापासून. सुनेने झाकण काढलं आणि मी पुठ्ठ्याने वारा घालत बसले. "आई, मला ताप आला तेव्हा एवढा वारा नव्हता घातलास," मुलगा कुरकुरला. "तुझ्या तापावर कुणी डिग्री देत नव्हतं." दुपारपर्यंत माझे दंड भरून आले. शेवटी सून म्हणाली, "आई, गोठला एकदाचा." "किती वेळ लागला गं त्याला?" "सेकंदाचा हजारावा भाग." मी पडद्याकडे पाहिलं, नंतर पुठ्ठ्याकडे. "मग सकाळपासून मी वारा कुणाला घालतेय?" तरी हात थांबवला नाही, उत्तर अजून सेव्ह व्हायचं होतं.