हवेची नळी

बंदराच्या तोंडाशी येताच लिओनाच्या बोटीचं इंजिन पुन्हा बसलं. बंद नाही पडलं. खोकत, गुरगुरत, अंगात जीव नसल्यासारखं चालत राहिलं. तिने चोक ओढून पाहिला. इंजिन क्षणभर उसळलं आणि त्याने परत मान टाकली.

"मुडद्या!" ती इंजिनवर ओरडली आणि त्याच्या लाकडी खोक्याला लाथ घातली.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या या बेटावरचा रिवाज साधा आहे. मोसमाच्या पहिल्या दिवशी सगळ्या बोटी तयार झाल्याशिवाय कोणी शेवंडांचा एकही सापळा पाण्यात सोडायचा नाही. कोणाचं पोर आजारी असो, कोणाचं इंजिन रुसलेलं असो, सगळे थांबतात. शेवंड कुठे पळून जात नाही, असं म्हणून थांबतात. रेडिओवर एकेक जण 'तयार' म्हणतो आणि शेवटचा 'तयार' आला की म्हातारा हार्लन निघायला सांगतो. आज बाकी सगळे तयार होते. सापळ्यांच्या थप्प्या रचून बोटी डुलत उभ्या होत्या, आणि दुपारनंतर वारा फिरणार होता.

"लिओना, कधीपर्यंत चालणार हा तमाशा?" रेडिओवर मर्ल बोलला. मर्ल तिचा दीर. तिचा नवरा ड्वाइट उन्हाळ्यात वारला, तेव्हापासून ती बोट विकून टाक म्हणून तो मागे लागला होता.

"इंजिन बघतेय."

"सकाळपासून तेच ऐकतोय." मग जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "हा रिवाज बोटवाल्या गड्यांचा आहे. ड्वाइट होता तेव्हा गोष्ट वेगळी. त्याची बायको हौसेने बोटीवर चढली म्हणून अख्ख्या बेटानं हात चोळत बसायचं का?"

आता कोणीतरी बोलेल, म्हणून ती थांबली. ड्वाइटच्या शवपेटीला खांदा दिलेली माणसं होती ती. कोणी बोललं नाही. रेडिओत नुसती खरखर. त्या खरखरीचा तिला मर्लपेक्षा जास्त राग आला. आज हे सगळे तिला सोडून निघाले, तर पुढच्या वर्षी तिला कोणी विचारणारही नव्हतं.

तिने नांगर टाकला आणि इंजिनवरचं झाकण उचललं. जुन्या मोटारीतून काढून बसवलेलं ते इंजिन तिच्याच वयाचं असेल. फिल्टर स्वच्छ होता. कार्बोरेटर तर तिने पहाटे स्वयंपाकघरातल्या टेबलावर पूर्ण उघडून धुतला होता. ठिणगी चांगली पडत होती. बोट धक्क्याला बांधलेली असताना इंजिन लोण्यासारखं चाले. भरल्या बोटीने वेग घेतला की थोड्याच वेळात धापा टाकू लागे. जरा विश्रांती दिली की पुन्हा शहाणं. म्हणजे पेट्रोल होतं, पण पोचत नव्हतं.

काल टाकी भरताना पेट्रोल उसळून तिच्या हातावर आलं होतं. तेव्हा तिने पंपवाल्याला शिव्या दिल्या होत्या. ते आठवलं आणि तिने टाकीचं झाकण फिरवलं. हुस्स करून टाकीने लांबलचक हवा आत ओढली.

ती कठड्यावर पालथी पडली आणि बाहेरच्या बाजूने हात घालून टाकीची हवेची नळी चाचपली; पेट्रोल कमी होईल तशी टाकीत हवा तिच्यातूनच शिरते, नाहीतर पेट्रोल पुढे सरकत नाही. नळीच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली होती.

उन्हाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की गांधीलमाश्या त्या नळीत मातीची घरं करतात, म्हणून खुंटी मारतात. आणि मारणारा सुकाणूच्या चाकाला लाल चिंधी बांधतो, म्हणजे बोट पाण्यात उतरवताना खुंटी काढायचं लक्षात राहतं. तिच्या चाकाला चिंधी नव्हती. ड्वाइट इस्पितळात होता तेव्हा बोट ओढली होती मर्लने. तो चिंधी विसरला होता. मुद्दाम केलं असतं तर तिला एवढा राग आला नसता. तो विसरला, कारण ही बोट परत पाण्यात उतरेल असं त्याच्या मनातच नव्हतं.

तिने पकडीने खुंटी उपसली आणि समुद्रात भिरकावली. नांगर ओढला. इंजिन चालू करून सगळा वेग दिला. सापळ्यांनी लदलेली बोट पाणी कापत बंदरभर फिरली, एकदाही अडखळली नाही. सगळ्यांनी पाहिलं.

"जमलं की गं पोरी!" हार्लन म्हणाला. "चला, एकेक जण बोला."

"तयार."

"तयार."

मर्लचा 'तयार' घाईघाईत आला. शेवटी फक्त तिचा राहिला.

"लिओना?"

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?" मर्ल मध्येच बोलला. "इंजिन तर ठणठणीत वाजतंय!"

"इंजिन ठणठणीत आहे. मी तयार नाही."

तिने इंजिन बंद केलं. सापळ्यांच्या थप्पीला टेकून बसली आणि थर्मासमधली कॉफी ओतून घेतली. संतापाच्या भरात अर्धी मांडीवरच सांडली. मर्लच्या बोटीने तोंड बाहेरच्या समुद्राकडे वळवलं. दुसरी एकही बोट हलली नाही. थोडं पुढे जाऊन मर्लचीही थांबली.

बऱ्याच वेळाने रेडिओ खरखरला. मर्लचा आवाज उतरला होता.

"लिओना, किती वेळ थांबायचं?"

"तुझ्या भावासाठी थांबला असतास तेवढा."