तिसऱ्या हाकेची वाट

"अप्पा, मागून कोणीतरी हाक मारली," मुंबईची पोरगी म्हणाली.

"चाल तू. तिसरी येऊ दे, मग बघू."

एप्रिलचं ऊन. समुद्राकाठच्या सुक्या रानात पाचोळा पापडासारखा मोडत होता. दहा पाहुण्यांच्या पुढे मी, सगळ्यांच्या मागे माझा जोडीदार चांगू. वीस वर्षं आम्ही असंच लोकांना रान दाखवत आलो. आमच्याकडे रानात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. चकवा दोनदाच हाक मारतो, माणूस तिसऱ्यांदा मारतो. हे तर चांगूच सगळ्यांना रंगवून सांगायचा.

दुसरी हाक आली, अगदी चांगूच्या आवाजात. मी हसलो. "बघा, चकवा सोंग कसं मस्त काढतो!" पाहुणे खूश झाले. तिसरी काय आली नाय.

झऱ्यावर माणसं मोजली. चांगू नव्हता. मागे धावलो, तर कड्यावरची माती ढासळलेली. तो खाली पडला होता, मुठीत उपटलेलं मूळ.

घरी आणला, तेव्हा त्याच्या बायकोनं त्याच्या छातीवर हात आपटले. "रानभर बडबडत फिरायचास, आणि पडताना तोंड शिवलं होतं काय रे? भावजी पुढेच होते. एक हाक मारायची होतीस!"

मग तिनं माझ्याकडे बघितलं. "नाय मारली गो वहिनी," मी म्हणालो.

चार वर्षं झाली. वहिनी अजून त्यालाच बोल लावते, आणि मी तिच्या ओट्यावर बसून चहा पितो.