बॉडीला टेकलेली वायर

पुन्हा एक किक फुकट गेली. मेस्त्रींनी कपाळावरचा घाम पुसला आणि जुन्या मोटरसायकलकडे अशा नजरेने पाहिलं, की तिला लाज असती तर ती तिथल्या तिथे चालू झाली असती.

"नाही होत, बाबा?" दारातल्या पायरीवर बसून भाजी निवडणाऱ्या सुनेने विचारलं.

"होईल. न होऊन सांगते कोणाला?"

आज निघायलाच हवं होतं. चार दिवस विश्रांतीला म्हणून मुलाने त्यांना आपल्या घरी आणलं, आणि ते चार दिवस संपायचं नाव घेईनात. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला त्यांचं गॅरेज होतं. आज दुपारी मुलगा ते परस्पर कुणाच्या तरी घशात घालणार होता, हे मेस्त्रींनी सकाळी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. उभा जन्म त्या शटरमागे गेला. दुपारच्या आत तिथे जाऊन आडवं उभं राहायचं, मग बघू कोण हात लावतो ते.

फाटक उघडंच होतं. पण उजवा गुडघा असा, की कोपऱ्यापर्यंत चालणंही जिवावर यायचं. तो कधी आणि कसा दुखावला, तेही आता आठवत नव्हतं. वय झालं की चालायचंच. उरली ही गाडी.

त्यांनी हॉर्न दाबला. तो कर्कश वाजला.

"हॉर्न वाजतोय, मग गाडी का चालू होत नाही?" सून म्हणाली.

मेस्त्रींची कळी खुलली. "इथेच सगळे फसतात. या जुन्या गाडीत दोन वेगळ्या चुली आहेत. हॉर्न, इंडिकेटर चालतात बॅटरीवर. ते डीसी. ठिणगीचा बॅटरीशी काडीचा संबंध नाही. ती येते इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोतून. ते एसी. बॅटरी काढून फेकून दिलीस ना, तरी..."

"तरी किकवर चालू होणार."

मेस्त्री खूश झाले. पोटच्या पोराला जे कधी समजलं नाही, ते या पोरीला वाक्य संपायच्या आत समजत होतं.

"हेडलाइटही मॅग्नेटोवरच. मी किक मारतो, तू दिवा बघ."

दिवा क्षणभर मिणमिणला.

"लागला," ती म्हणाली. "म्हणजे करंट तयार होतोय. मग तो बॉडीला जात असेल का?"

"शाब्बास! आपल्याला वाटतं, किल्ली बंद केली की वीज तुटते. या गाडीत उलटं. बंद केल्यावर ठिणगीची वायर गाडीच्या बॉडीला जोडली जाते, अर्थ होते. करंट तिकडे पळतो आणि गाडी गप्प. तीच वायर आत कुठेतरी बॉडीला टेकलीय. आपण किल्ली चालू केली तरी गाडीला वाटतंय बंदच आहे."

बोलता बोलता ते थांबले. टेकलीय? त्यांच्या हातची वायरिंग अशी आपोआप टेकत नसते.

"टेकवलीय," ते हळूच म्हणाले. "माझ्याच मुलाने."

सुनेने मान खाली घातली.

वेळेवर जेवण, धुतलेले कपडे, मऊ गादी, सगळं होतं. फक्त जिथे जायचं तिथे जाता येत नव्हतं. याला तुरुंग नाही म्हणायचं तर काय?

"चहा ठेवू?"

"चहा नको. पाना दे."

तिने शेजारचा पाना पुढे केला. नेमका दहाचा. सीट आधीच सैल होती. ती बाजूला करून त्यांनी टाकीचा मागचा बोल्ट काढला, टाकी जराशी उचलली आणि वायरीवरून बोट फिरवत गेले. चॅसीच्या आतल्या अंगाला बोट अडलं. ते वाकून बघू लागले आणि बघतच राहिले.

काय काम होतं! रंग खरवडून लोखंड चकचकीत केलेलं. खाली दातेरी वॉशर, वर गंज धरू नये म्हणून ग्रीस. वायर घासू नये म्हणून स्लीव्ह. आणि कुणाच्या पान्याने सुटू नये म्हणून बोल्टाचं डोकं कानशीने घासून गुळगुळीत गोल केलेलं. आयुष्यभरात मेस्त्रींनी कितीतरी पोरं तयार केली, पण अर्थिंग एवढं जीव लावून करणारा एकही निघाला नव्हता.

"कोणाकडून करून घेतलं गं त्याने? हे त्याचं काम नव्हे. तो बल्ब बदलायलाही शेजाऱ्याला हाक मारतो."

ती निवडलेली भाजी गोळा करू लागली.

"हात सोन्याचा आहे, पण माणूस हलकट. म्हाताऱ्याला कोंडायला असली कला वापरतो!"

"तसं नका म्हणू, बाबा," ती एकदम म्हणाली. "चांगला माणूस आहे तो."

"ओळखतेस की काय?"

"तुम्हाला कटर लागेल ना? आणते." पदर डोळ्यांना लावत ती आत गेली.

मेस्त्रींनी वायर चिमटीत धरून पाहिली. एक कट, एक किक, की सुटका. सून कटर कुठे शोधत बसली म्हणून ते उघड्या खिडकीशी सरकले, तर ती फोनवर मुलाशी दबक्या आवाजात बोलत होती.

"अहो, सापडली त्यांना. हो, आजही गॅरेजच डोक्यात आहे. नाही, कटर मी लपवलाय. तुम्ही नका धावत येऊ, तासाभरात भानावर येतील आणि नेहमीसारखं आधी तेच विचारतील, 'मी स्वतः बसवलेली वायर शाबूत आहे ना?' म्हणून."