दोन ट्रॉल्या काळी माती

परळीतल्या नव्या बंगल्यापुढचं लॉन तिसऱ्यांदा पिवळं पडलं, तसे बसवेशअप्पा माळ्यावर भडकले.

"अंगद, पोत्यानं खत घातलं, रोज पाणी मारलं. तरी हे कावून जगंना बे?"

अंगदनं खुरपं मारलं. दोन बोटांवरच मुरमाला लागून खणकन वाजलं.

"खाली जीवच न्हाई, अप्पा. दोन ट्रॉल्या काळी माती लागंल."

"मग आण की! कुठं मिळती?"

"माझ्या रानात हाय. लई कसदार."

"आजच ट्रॅक्टर लाव."

"कसं लावू? तिच्यात हरभरा उभा हाय." अंगद खुरप्याचा मुरूम झाडत म्हणाला, "बंगला बांधताना फरशीवर चिखल येतो म्हणून तुमीच इथली सगळी माती उकरून माझ्या खडकाळ रानात टाकायला लावलती."