पहिल्या खड्ड्याची फरशी

फरशी उचलायला कुणी पुढं येईना.

शाळेमागच्या संडासाला खड्डे दोन. पहिला भरला तेव्हा मास्तरीणबाई शैलाबाईंनी तो बंद करून घाण दुसऱ्यात वळवली होती. त्याला वर्ष झालं. आता दुसराही तोंडाशी आला होता. पहिला उपसला नाही तर संडास बंद, आणि संडास बंद म्हणजे मोठ्या मुलींची शाळा बंद.

"वर्षभरात सगळ्याची माती होते," असं शैलाबाईंनी गावाला छातीठोकपणे सांगितलं होतं. शिबिरात ऐकलं होतं, पुस्तकात चित्र पाहिलं होतं. डोळ्यांनी मात्र एकदाही पाहिलं नव्हतं.

सरपंच हिंदुरावांनी बौद्धवाड्यातून भिवाला बोलावून आणलं. तो चिंचवडला कारखान्यात निघालेला. अंगात खाकी शर्ट, सायकलला डबा अडकवलेला.

"उतर खाली, भिवा. तासाभराचं काम हाय."

"न्हाई जमायचं, सरपंच. शिफ्ट हाय."

"तुझा बाप कदी न्हाई म्हनला न्हवता."

"म्हनून तर मी न्हाई म्हनतोय." भिवाचा आवाज हळू होता. "मेलेली ढोरं वढायची सोडली आमी. आता हे न्हाई."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मग तुमच्या बायकांनी उद्या पानी कुठनं भरायचं, त्ये बी ठरवा."

हिंदुरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शैलाबाईंनी भिवाकडं पाहिलं. हे संडासाचं खूळ गावात आणलं कुणी? आपणच.

"मी काढते," त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू येईना.

त्यांच्या पहारीनं फरशी कलली तशी माणसं नाकाला पदर-पटका लावून मागं सरली. शैलाबाई गुडघ्यांवर बसल्या. श्वास रोखला, डोळे गच्च मिटले आणि हात आत घातला. बोटांना काहीतरी गार, मऊ लागलं. माती झालीच नसली तर? मग गाव भिवाला सोडायचं नाही. मूठ आवळून त्यांनी हात वर काढला, तरी डोळे उघडवेनात.

"बाई," भिवाच म्हणाला, "बघा तरी."

मुठीत काळीभोर, भुसभुशीत माती होती. एक गांडूळ बोटांतून वळवळत बाहेर येत होतं.

म्हातारी सुभद्राबाई पुढं झाली. चिमूटभर घेऊन तिनं हुंगली. "अगं बया, मातीच की ही!"

सगळे सैलावले. कुणी हसलंदेखील. हिंदुरावांनी फावडं उचलून भिवाच्या हातात दिलं.

"आता तर झालं? माती हाय नुसती. काढ."

भिवानं सायकल भिंतीला टेकवली. फावडं क्षणभर धरून ठेवलं. मग त्यानं ते फिरवलं आणि दांडा हिंदुरावांपुढं केला.

"माती हाय, सरपंच. मग आता कुनीबी काढंल की."

हसणं थांबलं. जागचं कुणी हललं नाही. खड्ड्यात हात घालतानाही वाटली नव्हती एवढी भीती शैलाबाईंना आता वाटली. तरी त्या चालत गेल्या आणि भिवाच्या शेजारी उभ्या राहिल्या.

दांडा अजून हिंदुरावांच्या समोर होता.