स्टँडवरचा फोन

आमच्या मॅनेजरला ऑफिसात सगळे 'सुविचार' म्हणत. बढतीसाठी नाव व्हावं म्हणून तो रोज सकाळी यशाचे धडे देणारा व्हिडिओ टाकायचा. फोन धरायला घरी निवृत्त वडील होते. त्यांचा हात कापायचा, चित्र हलायचं.

"बाबा, मिनिटभर हात स्थिर ठेवता येत नाही? लोक हसतात."

"तुझं बोलणं हाताला पटत नसेल रे," वडील म्हणायचे.

शेवटी त्यानं स्टँड आणला. वडील पुन्हा त्या खोलीत फिरकले नाहीत. दोन महिन्यांनी ते गेले, त्या दिवशीही आधीच लावून ठेवलेला व्हिडिओ वेळेवर पडला. विषय होता, घरच्यांना वेळ द्या. चार हजार लाइक आले. पुढे बढतीही आली.

नव्या केबिनमध्ये त्यानं स्टँड टेबलाला स्क्रूनं आवळला. तरी चित्र हलायचं. फोन बदलला, स्टँड बदलला, फरक शून्य.

काल त्यानं मला बोलावलं. पडद्यावर त्याचा चेहरा बारीक कापत होता. मी स्टँडला हात लावून पाहिला, तो ढिम्म होता.

सुविचार पडद्याकडे वळला. मग म्हणाला, "बाबा, दमला असाल. ठेवा आता."

फोन जागचा हलला नाही. चित्र मात्र सावकाश खाली झुकलं. आधी चेहरा गेला, मग टाय, मग टेबल, आणि शेवटी नुसती फरशी उरली.